केनियातलं नेत्रशिबिर: यादी तिकडून, तिकिटं शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. विट्याच्या एका तरुण नेत्रतज्ज्ञांनी विचारलंय: "आम्ही बारा जण केनियातल्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात दहा दिवसांचं मोफत शिबिर घ्यायला जाणार आहोत. मोतीबिंदूच्या दीडशे शस्त्रक्रिया आणि जोडीला सर्वसाधारण तपासणी, असा बेत आहे. सांगली-मिरजेतल्या दुकानदारांनी आणि एमआर मंडळींनी (औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींनी) भरपूर औषधं देऊ केली आहेत. तिकिटं सध्या स्वस्त आहेत, काढून टाकू का? आणि एवढं सामान न्यायचं कसं?"

डॉक्टर, तिकिटं आत्ता काढू नका. स्वस्त तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत, आणि तुमच्या हातात अजून तिकडच्या रुग्णालयाचं पत्रसुद्धा नाही. तारीख पुढे गेली की बारा जणांचं एकदम नुकसान होतं, आणि सरकारी नोकरीतल्यांची रजा दुसऱ्यांदा मंजूर होत नाही ते वेगळंच.

मी डॉक्टर नाही. मिरजेत तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं आणि गेली चौदा वर्षं अशा पथकांचं सामान आणि प्रवास बघतो. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या डॉक्टरनं हात पुढे केला की त्यात मागितलेली वस्तू पडली पाहिजे, एवढंच माझं काम. पुढचं सगळं त्या नजरेतून वाचा.

सुरुवात दुकानदारांनी देऊ केलेल्या औषधांपासून करतो, ग्यानबाची मेख तिथंच आहे.

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरायला लागलं तसे राज्यभरातून मदतीचे ट्रक आले. माणसांची माया खरी होती, त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. पण एका शाळेच्या वर्गात औषधांची खोकी लावायला मी बसलो होतो. कात्रीनं कापलेल्या स्ट्रिपा, नेमका एक्सपायरीचा तुकडा कापून गेलेला. अर्धी संपलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, बुचाला साखर चिकटलेली. कंपन्यांची सॅम्पलं, एकेका पाकिटात चार गोळ्या, म्हणजे एका माणसाचा कोर्सही पुरा होईना. एका खोक्यात औषधांखाली लग्नातला कोट निघाला. आणि लोक येऊन काय मागत होते? बीपीची आणि शुगरची गोळी. घरातल्या गोळ्या पाण्याबरोबर गेल्या होत्या. ती औषधं ट्रकमध्ये जवळजवळ नव्हतीच, कारण मागितलंय काय हे ट्रक भरण्याआधी कुणी विचारलं नव्हतं. वर्गवारी करून निरुपयोगी माल बाजूला काढण्यात आमचे चार दिवस गेले आणि त्याची विल्हेवाट लावायचं काम पुन्हा आमच्याच गळ्यात.

तुम्ही तिकडे उतराल तेव्हा त्यांच्या लेखी तुम्ही त्या ट्रकमधून आलेले असाल.

जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांच्या देणगीबद्दल १९९६ मध्येच मार्गदर्शक नियम काढलेत, पुढे ते सुधारलेही. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच: घेणाऱ्यानं मागितलेलंच द्यावं, ते त्याच्या देशात वापराला मान्य असावं, रुग्णाला देऊन परत आलेलं किंवा डॉक्टरला सॅम्पल म्हणून मिळालेलं देऊ नये, तिकडे पोचल्यावर किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी, आणि लेबलवर जेनेरिक नाव असावं. म्हणजे एमआर मंडळींची सॅम्पलं बाद. दुकानातला मुदत संपत आलेला माल बाद. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या, तीन औषधं एकत्र कोंबलेल्या गोळ्याही बाद, त्या तिकडच्या डॉक्टरला ओळखूही येत नाहीत.

मग दुकानदारांना नाही म्हणायचं? मुळीच नाही. त्यांना म्हणायचं, "मालाऐवजी बिलात मदत करा." यादीतली वस्तू, एकाच बॅचची, कंपनीच्या सीलबंद पेटीत, खरेदीच्या भावात आणि पक्क्या बिलासकट. मी स्वतः दुकानदार होतो म्हणून सांगतो, अशी मदत आम्हालाही सोपी जाते. कपाटाच्या तळाशी पडलेलं देताना आम्हालाही कुठंतरी टोचत असतंच.

आता पत्र. तिकडच्या रुग्णालयानं त्यांच्या लेटरहेडवर तुम्हाला बोलावलेलं पाहिजे. तारखा, पथकातल्यांची नावं, काय काम, आणि कुठल्या साहित्याची गरज, हे सगळं त्यात. या पत्रावर पुढचे सगळे परवाने उभे राहतात. पत्राबरोबर त्यांच्या मेट्रनशी, म्हणजे मुख्य सिस्टरांशी, किंवा फार्मसीवाल्याशी एक लांब फोन करा. संचालकांशी नको. संचालक "सगळं आहे" म्हणतात, मेट्रन "ऑटोक्लेव्ह आहे, पण गॅस्केट गळतंय" म्हणते. (ऑटोक्लेव्ह म्हणजे हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र.) त्यांना विचारा: ऑटोक्लेव्ह केवढा, दिवसात किती फेऱ्या होतात; जनरेटर ओटीला, म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीला, जोडलाय की फक्त वॉर्डाला; रुग्णांची प्राथमिक तपासणी तुम्ही पोचायच्या आधी कोण करणार; आणि तुम्ही परतल्यावर सहाव्या आठवड्यात डोळा कोण बघणार. केनियात डोळ्यांचं खास प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर असतात, त्यातले काही मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही करतात. जिल्ह्यातला असा एक माणूस पहिल्या दिवसापासून तुमच्या टेबलाशेजारी हवा. तो मिळत नसेल तर शिबिर पुढे ढकला, असं मी स्पष्ट सांगतो आणि त्यावरून माझी भांडणंही झालीत.

तारखा ठरवताना तिकडचं हवामान बघा. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दिवसांत कच्च्या रस्त्यावरून म्हाताऱ्या माणसांना कोणी आणत नाही. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते सप्टेंबर बरा. मात्र ऑगस्ट २०२७ मध्ये त्यांच्या सार्वत्रिक निवडणुका आहेत, ते दिवस टाळा. आणि हो, नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,८०० मीटर उंच आहे. आफ्रिका म्हणजे ऊनच ऊन समजून आमचे एक सर्जन जुलैत नुसत्या सुती शर्टांवर आले आणि दहा दिवस सिस्टरांची शाल पांघरून हिंडले.

साहित्याची यादी कशी करायची, ते एका डोळ्यावरून सांगतो. तुम्ही फेको मशीन (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडायचं यंत्र) नेणार नाही, लहान छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया करणार, असं धरतो. कोरा कागद घ्या आणि रुग्ण दारातून आत आल्यापासून दुसऱ्या दिवशी पट्टी सुटेपर्यंत क्रमानं लिहीत जा. बाहुली मोठी करायचे थेंब. कपाळावर कुठला डोळा ते लिहायला चिकटपट्टी आणि मार्कर. भुलीसाठी २ टक्के लिग्नोकेन, ते पसरायला हायलुरोनिडेज, सिरिंज, सुई. डोळा धुवायला ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन. बाजारात १० टक्क्यांचं मिळतं, ते निर्जंतुक सलाईननं निम्मं करायचं तर ते कोण आणि कशात करणार, हेही लिहा. ड्रेप. छेद घ्यायची पाती: साइड पोर्टचं, क्रेसेंट, केराटोम. ट्रिपॅन ब्लू हा रंग, कारण तिकडे पिकून पांढरे झालेले मोतीबिंदू जास्त येतात. व्हिस्को, म्हणजे शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत भरायचा चिकट जेल. रिंगर लॅक्टेटची बाटली, तिला आयव्ही सेट, सेटला सिमको कॅन्युला (डोळा आतून धुवायची बारीक नळी). भिंग. अँटिबायोटिक. पट्टी, शील्ड, काळा चष्मा, घरी न्यायची थेंबांची बाटली आणि ते थेंब कसे घालायचे याची स्वाहिली चिठ्ठी. तिकडे औषधाला 'दावा' म्हणतात, आपली दवाच ती. चिठ्ठीवर सूर्य आणि चंद्राची चित्रं काढली तर वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

हे झालं की दीडशेनं गुणा आणि वर दहा टक्के धरा. भिंगांना मात्र हा हिशेब चालत नाही. भिंगं नंबरवार न्यायची: +२० ते +२३ च्या सर्वांत जास्त, दोन्ही बाजूंना उतरत्या संख्येनं, कडेला +१० आणि +२८ सुद्धा दोन-चार. शिवाय शस्त्रक्रियेत भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा फाटला तर पुढच्या कप्प्यात बसवायची सात-आठ वेगळी. दीडशे डोळ्यांना अडीचशे भिंगं लागतात. उरलेली परत येतात किंवा तिकडच्या माणसाच्या कामी पडतात. ए-स्कॅन आणि केराटोमीटर (डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजायची यंत्रं) नेल्याशिवाय नंबर काढता येत नाही, आणि सगळ्यांना सरसकट एकच भिंग बसवण्याचा जमाना गेला.

गुणाकार झाल्यावर यादीचे दोन भाग करा. जड आणि ओलं ते तिकडे विकत घ्यायचं, हलकं आणि नेमकं ते इकडून न्यायचं. रिंगर लॅक्टेटची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो. सत्तर बाटल्या इकडून नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, नैरोबीच्या घाऊक बाजारात त्या मिळतात. स्पिरिट, सॅनिटायझर, हायड्रोजन पेरॉक्साइड, फॉर्मेलिन, ऑक्सिजनचं सिलिंडर यांतलं काही बॅगेत घालून विमानात चढवायचं नाही, तेही तिकडेच. कापूस, गॉज, हातमोजे यांचा भाव विचारा. पुष्कळदा जादा सामानाचं भाडं धरलं तर तिकडचं स्वस्त पडतं.

केटामाइन, फेंटानिल, डायझेपाम, ट्रामाडोल अशा कुठल्याही औषधाची एक कुपीही इकडून न्यायची नाही. ती अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यात येतात. न्यायची तर तिकडच्या सरकारची आयात परवानगी आणि ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोची निर्यात परवानगी लागते. दहा कुप्यांसाठी तो खटाटोप परवडत नाही. तुमच्या भूलतज्ज्ञांना हे आधी सांगा, त्यांच्या बॅगेत सवयीनं काहीतरी असतंच. तिकडच्या रुग्णालयाच्या कुलूपबंद कपाटातून, त्यांच्या रजिस्टरवर सही करून घ्यायचं.

बाकी औषधांना केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची आयात परवानगी लागते. अर्ज तिकडच्या रुग्णालयानं करायचा, तुम्ही त्यांना कागद पुरवायचे. मुख्य कागद पॅकिंग लिस्ट. खोक्याचा क्रमांक, जेनेरिक नाव, ताकद, प्रकार, बॅच, उत्पादनाची तारीख, एक्सपायरी, नग, कंपनी, किंमत, एवढे रकाने. किमतीच्या रकान्यात "मोफत" किंवा शून्य कधी लिहू नका. फुकट वाटायचं असलं तरी वस्तूला किंमत असते आणि कस्टमच्या माणसाला ती हवी असते. खाली "विक्रीसाठी नाही, देणगी" असं लिहा आणि बिलांच्या प्रती जोडा. करमाफी हवी असेल तर तीही तिकडच्यांनी आधी मागायची, माल धक्क्यावर लागल्यावर नाही.

हे मी शिकलो ते ठेच लागून. केनिया नव्हे, दुसऱ्याच एका देशात आम्ही गेलो होतो. यजमान म्हणाले, "विमानतळावर आमची ओळख आहे, परवान्याचं काही लागत नाही." मी मान डोलावली. चौदा खोकी कस्टमनं ठेवून घेतली. त्यांची चूक मला आजही दिसत नाही. औषधाची खोकी, सोबत फक्त माझी हातानं लिहिलेली यादी, आणि तीन खोक्यांतल्या थेंबांची मुदत पाच महिन्यांवर आलेली. चौथ्या दिवशी अकरा खोकी सुटली, तीन नष्ट करायला गेली, त्याचे पैसेही आम्हीच भरले. तोवर दोन दिवस सर्जन मंडळी रुग्णालयाच्या पायरीवर बसून होती आणि समोर झाडाखाली शस्त्रक्रियेची वाट बघणारी माणसं. एक आजी चाळीस किलोमीटरवरून नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली होती. दुसऱ्या संध्याकाळी ती परत गेली. पुन्हा आली का, ते मला कळलं नाही.

सूक्ष्मदर्शक, ए-स्कॅन, हत्यारांचे सेट अशा परत आणायच्या वस्तूंसाठी मुंबई विमानतळावर जातानाच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. वस्तूचा सीरियल नंबर त्यात हवा. नाहीतर येताना आपल्याच यंत्रावर ड्युटी भरायची वेळ येते. त्यासाठी तास-दीड तास जादा धरा.

आता खोकी बांधणं. एका वर्षी आम्ही वजनकाट्याच्या सोयीसाठी सांगलीतल्या एका मित्राच्या हळदीच्या गोदामात खोकी भरली. काटा उत्तम होता. पण नैरोबीच्या ओटीत गॉजचं खोकं उघडलं आणि आधी हळदीचा वास आला, मग झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळी बोटं दिसली. आतली सीलबंद पाकिटं शाबूत होती, तरी सिस्टरांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून खोकी घरच्या माडीवर, चादर अंथरून, आणि काटा भाड्यानं.

प्रत्येक खोकं २२ किलोच्या आत ठेवा. बहुतेक विमान कंपन्यांची एका नगाची मर्यादा २३ असते, आणि आपला काटा व त्यांचा काटा कधी जुळत नाही. एका प्रकारचा सगळा माल एका खोक्यात भरू नका. भिंगं चार खोक्यांत विभागा, पाती तीन. एक खोकं हरवलं तरी शस्त्रक्रिया चालू राहिल्या पाहिजेत. पहिल्या दिवसाच्या दहा शस्त्रक्रियांचं सगळं साहित्य एका वेगळ्या खोक्यात, त्यावर लाल पट्टी. ते उघडलं की काम सुरू, बाकीची रात्री लावत बसता येतात. पाती आणि सुया चेक-इनमध्ये. सुटे लिथियम बॅटरीचे सेल मात्र हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. शंभर वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला अडचण नसते, त्यावर १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी प्रवासी विमानात जातच नाही.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगा नेऊ नका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांवर बंदी आहे, आणि दंड आणि कैद दोन्ही जबर आहेत. आपण सवयीनं प्रत्येक रुग्णाला गोळ्या पिशवीत घालून देतो. कागदी पाकिटं छापून न्या, किंवा इथल्या बचत गटाकडून कापडी थैल्या शिवून घ्या. आमच्या थैल्या मालगावच्या बायकांनी शिवल्या होत्या. औषध संपल्यावर लोक त्यांत बी-बियाणं ठेवत होते.

विजेचं एक सांगतो, त्यात अर्धा दिवस वाचेल. केनियात दाब २४० व्होल्ट, आपल्यासारखाच. पण प्लगला इंग्लंडसारख्या चपट्या चौकोनी तीन पिना. प्रत्येक यंत्राला वेगळा अडॅप्टर शोधत बसू नका. इथूनच चांगले तीन एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, त्यांच्या वायरीचा आपला प्लग कापून तिकडचा बसवा. बोर्डावर आपल्या सगळ्या पिना बसतात. सूक्ष्मदर्शकाचे बल्ब चार न्या, दोन-दोन वेगळ्या बॅगांत.

ऑटोक्लेव्हबद्दल सिस्टरांना इथंच समजवा. आपण १५ पौंड दाब बघतो आणि १२१ अंश झालं समजतो. ते समुद्रसपाटीला खरं. उंचावर हवेचाच दाब कमी, त्यामुळे काट्यावर १५ दिसत असताना आत तेवढं तापमान नसतं. दर हजार फुटांमागे अर्धा पौंड वाढवायचा, असा ठोकळ हिशेब आहे. सहा हजार फुटांवर १८ पौंड. पण त्यांचा जुना ऑटोक्लेव्ह तेवढा दाब सोसेल का, हे त्यांच्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नका. नसेल सोसत तर वेळ वाढवावा लागतो. दोन्ही बाबतींत निर्णय डब्याच्या आत ठेवलेली, रंग बदलणारी इंडिकेटर पट्टी करते, काटा नाही. पहिल्याच सकाळी एक रिकामी फेरी लावून पट्टी बघा.

थंड ठेवायच्या वस्तू शक्य तितक्या कमी करा. व्हिस्कोमध्ये हायलुरोनेटला २ ते ८ अंश लागतं, एचपीएमसी खोलीच्या तापमानाला राहतं. तुमचा हात एचपीएमसीवर बसलेला असेल तर तेच घ्या, अर्धी कटकट गेली. हायलुरोनिडेजसारखं जे उरतं ते व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये. बर्फाच्या पट्ट्या फ्रीजरमधून काढून लगेच घालायच्या नाहीत, औषध गोठून वाया जातं. बाहेर ठेवा, कानाशी धरून हलवा. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की मग भरा. गावोगावी लस घेऊन जाणाऱ्या आपल्या आरोग्यसेविका रोज हेच करतात, एखादीला बोलावून दाखवायला सांगा.

माणसांकडे येतो. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक आणि पानं कोरी. केनियाला आता व्हिसा नाही, जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ई-टीए (प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना) काढावा लागतो. मात्र तो फक्त देशात शिरण्यापुरता. रुग्णाला हात लावायला केनियाच्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलचा तात्पुरता परवाना वेगळा, आणि त्यासाठी पदव्यांच्या प्रती, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नाही, असा कौन्सिलचा दाखला). तुमच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं असेल तर ते आधी करा. बारा जणांत असा एक तरी निघतोच. सिस्टरांचे कागद त्यांच्या कौन्सिलचे. यासाठी पाच-सहा महिने हातात ठेवा. तुमची इथली इन्डेम्निटी पॉलिसी (रुग्णानं दावा केला तर संरक्षण देणारा विमा) तिकडच्या दाव्याला लागू आहे का, हे विमा एजंटाकडून लेखी घ्या. तोंडी "होय" वर जाऊ नका.

पीतज्वराची लस नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, आणि तीही ठरावीक वारी. आमची पथकं एक गाडी करून पुण्याला जाऊन घेतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. केनियाहून परतताना भारतात या लसीचं पिवळं कार्ड दाखवावंच लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी आधी विचारून घ्यावी. आमच्या एका ज्येष्ठ सर्जनांना ६७ व्या वर्षी लस न घेण्याचा सल्ला मिळाला. ते इथं बसून भिंगांचा हिशेब बघायला लागले आणि त्यात फार तयार झाले. मलेरियाची गोळी तुमच्या फिजिशियनलाच ठरवू द्या. डॉक्सीसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे घ्यायची असते, आणि घरी आल्यावर डॉक्टरच ती सर्वांत आधी सोडतात. सगळ्यांच्या हेपॅटायटिस-बीच्या लसी तपासा. सुई टोचली तर ७२ तासांच्या आत, खरं तर दोन तासांच्या आत, एचआयव्हीप्रतिबंधक औषध सुरू करावं लागतं. ते तिकडे कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, हे पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या.

हे सगळे कागद हातात आले की तिकिटं काढा. शिबिराच्या तारखेआधी दोन दिवस पोचायचं. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. थेट जा, दोन-तीन हजार वाचवायला आखाती देशातून वळसा घेऊ नका. सामान एका विमानातून दुसऱ्यात जाताना हरवतं. तसं जावंच लागलं तर बायकांना सांगा, अनारसे नकोत. दुबईत खसखशीला बंदी आहे. हसू नका, आमच्या एका सिस्टरांचा अख्खा डबा निघताना माझ्याच स्वयंपाकघरात रिकामा झाला होता, आणि मी तो आनंदानं केला.

सांगलीहून मुंबईपर्यंत माणसं रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊ शकतात, पण तीस खोकी रेल्वेत चढवायचं धाडस करू नका. पिकअप वेगळी, तिच्याबरोबर दोन स्वयंसेवक, ताडपत्री बांधून. उड्डाणाच्या आदल्या दुपारी मुंबईत. घाटात ट्रक आडवा झाला आणि विमान गेलं, असं सांगणारी माणसं मला दर वर्षी भेटतात.

पैशाचं एक. तुमचा ट्रस्ट धर्मादाय असेल तर भारताबाहेर केलेला खर्च आयकराच्या सवलतीत धरला जात नाही, त्यासाठी सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, मंजुरी लागते. आम्ही ट्रस्टच्या पैशातून इथली खरेदी करतो आणि तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. पण तुमच्या सीएंना आधी विचारा. तिकडे रोजचा खर्च एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवर चालतो. रुग्णालयाचा एक माणूस आणि तुमचा एक, दोघांच्या सह्यांची वही ठेवा.

शेवटच्या दिवशी शस्त्रक्रिया ठेवू नका. त्याच्या आदल्या दिवशी केलेला डोळा तुम्ही स्वतः उघडून बघितला पाहिजे. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेसनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं आणि पुढची तीसहून जास्त वर्षं ते इथंच होते. आपण दहा दिवसांचे पाहुणे. म्हणून प्रत्येक रुग्णाचा कागद, बसवलेल्या भिंगाच्या स्टिकरसकट, तिकडच्या क्लिनिकल ऑफिसरकडे. उरलेला माल द्यायचा तोही यादी करून, त्यांना हवा असेल तरच, सही घेऊन. सहाव्या आठवड्यात त्याला फोन करा आणि किती रुग्ण आले, दृष्टी किती, हे लिहून घ्या. कुणाला चष्मा लागला तर त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा.

पत्र आलं की यादीचा पहिला मसुदा मला पाठवा. भिंगांचा तक्ता वेगळ्या पानावर ठेवा, तो मी आमच्या त्या ज्येष्ठ सर्जनांना दाखवतो.